वळायचं नाही

“वळलीस.”

मगदूम सर एवढंच म्हणाले आणि फरशीवर आपटलेली स्टीलची परात उचलून त्यांनी पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली. बाकी सगळ्यांच्या माना खाली होत्या, चिमट्या चालू होत्या. मी एकटीच मागे वळून बघत होते आणि माझ्या चिमटीतला निळा रंग मोराची मान सोडून भलतीकडेच सांडला होता.

“सर, केवढ्यानं वाजली ती!” मी म्हणाले.

“भूपाल, काय वाजलं रे?”

“कुठं सर?” भूपाल बिरनाळेनं मान वर न करता विचारलं.

वर्ग हसला. मीही हसले, पण तोंडापुरतं. सरांच्या रांगोळीच्या वर्गातली ही परीक्षा कधीही व्हायची, सांगून मात्र कधीच नाही. कधी परात पडायची, कधी मागून अचानक नावानं हाक यायची, एकदा तर त्यांनी खिडकीबाहेर सुतळी बाँब लावला होता. जो वळेल त्याला दिवाळीच्या प्रदर्शनातल्या मोठ्या रांगोळीवर बसायला मिळायचं नाही. मी दरवर्षी वळायचे. भूपालला सगळं ऐकू येतं आणि तो सोंग करतो, असा माझा दाट संशय होता. सरांबद्दल मात्र असला संशय घ्यायची कुणाची टाप नव्हती. सर रांगोळी सोडायला बसले की त्यांच्या कानांना आतून कडी लागायची, असं आम्ही सगळे मानायचो.

आमची इचलकरंजी मागांची. पाळण्यातल्या पोरालाही खडखडाटात झोप लागते आणि माग बंद पडला की ते दचकून उठतं. मागाच्या शेडमध्ये कुणी कुणाला हाक मारत नाही, कारण मारून उपयोग नसतो. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, मग माणूस वळतो. सरांची आई जन्मभर अशाच एका शेडमध्ये मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची आणि सर लहानपणी तिच्या पायाशी बसून कोळशानं फरशीवर चित्रं काढायचे. “त्या आवाजात ज्याचं मन लागलं, त्याचं कुठंही लागतंय,” असं ते आम्हाला सांगायचे. पुढे ते शाळेत चित्रकलेचे शिक्षक झाले आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या पोरापोरींना फुकट रांगोळी शिकवू लागले. त्यांनी काढलेली माणसं बघायला लोक सांगली-मिरजेहून यायचे.

त्या दिवाळीला सर आपल्या आईचा चेहरा काढणार होते. ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला शेजारच्या शेडमधले माग वेळेवर बंद झाले नाहीत आणि त्यांच्या धक्क्यानं रंग एकमेकांत सरकून आईच्या गालाचा चिखल झाला. दुसऱ्या खेपेला डोळे भरायच्या ऐन वेळी खिडकीतून एक पारवा आत शिरला, बाहेरची वाट सापडेना म्हणून हॉलभर फडफडत राहिला आणि पंखांच्या वाऱ्यानं अर्धं तोंड उडवून गेला. तिसऱ्यांदा मोडलं तर पुन्हा आईला हात लावायचा नाही, असं सरांनी घरी आपल्या बायकोजवळ, आमच्या काकूंजवळ, बोलून दाखवलं होतं. काकूंनी ते मला सांगितलं आणि वर म्हणाल्या, “तू तेवढी जरा नीट बस बाई यंदा.”

कारण यंदा मोठ्या रांगोळीवर सरांनी भूपालबरोबर मलाही घेतलं होतं. परात वाजल्यावर वळूनसुद्धा घेतलं होतं. आईच्या लुगड्याचा काठ माझ्याकडे दिला होता.

“तुझ्या हाताला काय न्हाई झालेलं, त्रिशले,” ते म्हणाले होते. “खोट तुझ्या मानेत हाय. ही शेवटची संधी समज. यंदा चुकलीस, तर पुढं रंग चाळायलासुद्धा येऊ नकोस.”

घरी आमच्या आईनं कांडी मशीनवर माझी जागा बघून ठेवली होती. रांगोळीतून काही व्हायचं असेल तर या दिवाळीत होऊ दे, नाहीतर सुट्टी संपली की मशीनवर बस, असं तिचं सरळ म्हणणं होतं. त्यामुळे मी मनाशी पक्कं केलं होतं की अंगावर भिंत पडली तरी मान वर करायची नाही.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. पारव्यानं शहाणं केल्यामुळे सरांनी या वेळी सगळ्या खिडक्या बंद करून त्यांवर काळा कागद चिकटवून घेतला होता. पंखे बंद. दार लोटलेलं, आतून कडी. भर दुपारीही आत रात्रीसारखा अंधार असायचा आणि आम्ही मोठ्या दिव्यांच्या उजेडात काम करायचो. स्टेजकडच्या भिंतीत उंचावर एक झरोका होता, तो तेवढा उघडा राहिला होता. त्यात चिमणीनं घरटं केलं होतं आणि घरट्यात पिल्लं होती. भूपाल शिडी लावून कागद घेऊन वर चढला, तेव्हा सरांनी त्याला खाली उतरवलं. आम्ही तिघंही जैनच, पण सर आमच्याहून कडक. पायाखाली मुंगी येईल म्हणून खाली बघत चालायचे.

“राहू दे त्यांना,” सर म्हणाले. “तो झरोका कुठं बाहेर उघडतोय? पलीकडं खेळाच्या सामानाची खोली हाय. तिथनं कसला आलाय वारा?”

चिमणी त्या खोलीच्या फुटक्या तावदानातून बाहेर जायची आणि दाणे घेऊन यायची. आली की पिल्लं एकच कालवा करायची. भूपालला त्याचं काही नसायचं. माझी मान मात्र दर खेपेला वर जायची आणि मग मी स्वतःलाच शिव्या देत खाली बघायचे.

धनत्रयोदशीच्या दुपारी आईचा चेहरा जवळजवळ पुरा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन होतं. हॉलच्या मधोमध ती म्हातारी आडवी पसरलेली होती. कपाळावरच्या आठ्या, कानातल्या जड बुगड्या, केसांत अडकलेले कापसाचे तंतू, सगळं होतं. नव्हते ते फक्त डोळे. डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या पांढऱ्या खाचा होत्या आणि त्यामुळे एवढी प्रेमळ बाई बघवत नव्हती. मी काठ भरताना तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

त्या दिवशी गाव अगदी गप्प होतं. माग बंद झाले होते, बोनस घेऊन कामगार आपापल्या गावी गेले होते. आमच्या गावाला शांतता शोभत नाही. कुठेतरी लांब एखादा फटाका वाजायचा, तेवढाच काय तो आवाज. वर परतीच्या पावसाचं आभाळ भरून आलं होतं आणि पान हलत नव्हतं.

दुपारी वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. अंधारात सर रांगोळीवर आडव्या टाकलेल्या फळीवर नुसते बसून राहिले. थोड्या वेळानं दारावर थापा पडल्या. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी रावसाहेब हेरवाडे आले होते. मागांच्या शेडमध्ये उभा जन्म गेल्यामुळे रावसाहेबांचे कान अर्धे गेलेले, आणि आपल्यासारखंच सगळ्या जगाला कमी ऐकू येतं अशा समजुतीनं ते बोलायचे.

“सर, जनरेटर आणलाय! आत्ता दिवे लागत्यात बघा!”

“कुठं ठेवताय?” सरांनी विचारलं.

रावसाहेब दारातून आलेल्या उजेडात दिसणाऱ्या म्हातारीकडे बघत राहिले. सरांनी उतरून त्यांच्या खांद्याला हात लावला आणि पुन्हा विचारलं.

“खेळाच्या खोलीत! बाहेर ठेवला तर पावसानं भिजंल. आन् पोरं फटाके उडवायलीत, पेट्रोलजवळ ठिणगी नको. खाली व्यायामाची गादी घातलीया, तुम्हाला धक्का म्हणून बसायचा न्हाई. खिडकीची काच फुटकी होती, तिलाबी गोणपाट ठोकलं!”

एवढी काळजी घेतलेली बघून सर खूश झाले. रावसाहेब गेले, भूपालनं कडी लावली आणि भिंतीपलीकडे जनरेटर सुरू झाला. दिवे लागले. घरघर एकसारखी, न थांबणारी.

“अगदी मागासारखा आवाज हाय,” सर हसून म्हणाले. त्या दिवसात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. “आता कसं मन लागंल.”

मग त्यांनी आम्हाला समोर उभं केलं.

“मी डोळ्यांना हात घालतोय. डाव्या बुबुळात शेवटचा पांढरा ठिपका पडेस्तोवर मला हाक मारायची न्हाई. दार उघडायचं न्हाई. आभाळ पडलं तरी. कळलं काय?”

“कळलं,” भूपाल म्हणाला.

“त्रिशले?”

“कळलं, सर.”

रांगोळीच्या दोन्ही बाजूंना विटांवर टेकवलेली एक लांब फळी होती. सर त्या फळीवर पालथे झाले, छाती टेकवली आणि एक हात खाली आईच्या चेहऱ्यावर सोडला. फळी एकट्या माणसाचं वजन कशीबशी पेलायची. दुसरं कुणी चढलं की ती लवून रांगोळीला टेकायची. त्यामुळे सर एकदा वर गेले की कुणी त्यांच्याजवळ जाऊच शकत नसे. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि डोकं झरोक्याच्या भिंतीकडे.

मी काठावर बसले. भूपाल दाराशी पांढरा रंग चाळत बसला.

थोड्या वेळानं मला जळका वास आला. भूपालनंही नाक वर केलं. त्यानं दाराच्या फटीकडे बोट दाखवलं आणि उठून माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, “फटाक्यांचा धूर हाय. पोरं पटांगणात आली वाटतं.” मग त्यानं फडका पाण्यात बुडवला, पिळला आणि दाराखालच्या फटीत बोटानं दाबून दाबून बसवला. काम त्यानं नेहमीसारखंच चोख केलं. बाहेरच्या हवेला उरलेली ती एकमेव फट, तीही बुजली.

उजवा डोळा झाला. मी बघायचं नाही म्हणून ठरवलं होतं, पण बघितलं. म्हातारी एका डोळ्यानं छताकडे बघत होती.

माझं डोकं दुखायला लागलं. आधी कानशिलं उडू लागली, मग कपाळावर कुणी घट्ट फडकं बांधल्यासारखं झालं. आम्ही कुणी सकाळपासून जेवलो नव्हतो, डोळे भरायच्या दिवशी सर जेवू देत नसत. उपाशी पोटी होणारच, असं मी मनाला समजावलं. काठाच्या दोन रेघांच्या जागी मला तीन दिसू लागल्या. तेव्हाही मला स्वतःचाच राग आला. एवढी शेवटची दुपार आणि तरी हिचं मन जागेवर नाही! मी ओठ दाताखाली धरून रेघ ओढत राहिले. मळमळायला लागलं, तोंडाला पाणी सुटलं. ते गिळलं आणि पुन्हा रेघ ओढली. इतकं मन लावून मी आयुष्यात कधी बसले नसेन.

आणि मग मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते लवकर कळेना. जनरेटर चालू होता, दिवे चालू होते, भूपाल चाळणी धरून बसला होता. माझी मान आपोआप वर गेली, झरोक्याकडे.

पिल्लं ओरडत नव्हती.

चिमणीही आत-बाहेर करताना दिसत नव्हती. झरोक्यातून गवताची एक काडी खाली लोंबत होती, ती तेवढी हलत होती.

“कशाला टकाटका वर बघायलीस?” भूपाल हळूच म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. “खाली बघ की.”

मी सरकत त्याच्याजवळ गेले. “पिल्लं गप्प झाली, भूपाल.”

“बरं झालं.”

“अरे, एकदम गप्प झाली सगळी. तुझं डोकं दुखत नाही?”

“दुखतंय. मग काय उठून नाचू?” त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो दाराला पाठ टेकून बसला होता. सरांच्या समोर कुठं टेकून बसायचं नाही, हा त्याचा स्वतःचाच नियम. “सरांचं दुखत नसंल? पण बघ, हात हलतोय काय जागचा?”

“दार उघडू या जरा. मळमळतंय मला.”

“येडी हायस काय? डोळा संपत आलाय. वारा आत आला तर...” पुढचं वाक्य त्याला सापडेना. त्यानं डोळे मिटले आणि उघडले. “दार उघडायचं न्हाई. सांगितलंय सरांनी.”

मी सरांकडे बघितलं. त्यांची चिमटी चालू होती. काळा रंग अगदी बारीक धारेनं सुटत होता. पाठ वर-खाली होत होती, पण फार भराभर, जिना चढून आलेल्या माणसासारखी. माझी जागा, सरांनी दिलेली संधी, कांडी मशीन, सगळं मला त्या क्षणी आठवलं. मी तोंड उघडलं तेव्हा काय गमावते आहे ते मला पुरतं माहीत होतं.

“सर,” मी हाक मारली.

सरांचा हात थांबला. अगदी एक क्षण. मग पुन्हा चालू झाला. ते वळले नाहीत.

“बघितलंस?” भूपाल म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. “ह्याला म्हणायचं एकाग्रता. कानावर गेलंच न्हाई त्यांच्या.” आणि जरा थांबून म्हणाला, “पण मी ऐकलंय. संपलं तुझं, त्रिशले.”

मी पुन्हा काठाशी जाऊन बसले आणि रडले. रडू आवरेना आणि अंगात रडायचीही ताकद नव्हती. आपण सारख्या वळणाऱ्या, आपण चिमण्यांचे आवाज ऐकत बसणाऱ्या, आपल्याला हे कधीच जमणार नव्हतं. डोळे पुसून मी वर बघितलं, तेव्हा सर तसेच पालथे होते, हात तसाच खाली सोडलेला होता. किती शांत दिसत होते. माझ्या मनात आलं, असं आपल्याला एकदा तरी जमायला हवं होतं.

मग मला त्यांचा हात दिसला.

हात रांगोळीत टेकला होता. सरांचा हात. ज्या माणसानं कधी सदऱ्याची बाही रंगाला लागू दिली नाही, त्याचा पंजा आईच्या गालावर पसरला होता आणि बोटांखालचा रंग फिसकटला होता.

“सर!” मी ओरडले. “सर! भूपाल, सर बघ!”

भूपाल दाराशी मान टाकून बसला होता. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते. त्यातून तो माझ्याकडे बघत होता की नाही, कळत नव्हतं.

मी उठले तर पाय लटपटले. फळीवर चढायचा विचारही माझ्या मनात आला नाही. हाक मारून माणूस वळत नसेल तर काय करायचं, हे आमच्या गावात शिकवावं लागत नाही. मी सरळ चालत गेले. लुगड्याच्या काठावरून, मानेवरून, हनुवटीवरून, ओठांवरून. रंग पायांखाली मऊ लागत होता. सरांच्या खांद्याला हात लावला. मग दोन्ही हातांनी खांदा हलवला. त्यांचं डोकं फळीवरून घसरून खाली लोंबलं.

दाराशी कशी आले ते आठवत नाही. भूपाल दाराला टेकलेला होता. त्याला ओढलं तर त्यानं माझं मनगट धरलं. “दार... न्हाई...” असं काहीतरी तो म्हणत होता आणि त्याच्या पकडीत लहान मुलाएवढाही जोर नव्हता. मी त्याला बाजूला लोटलं, कडी काढली, फडक्यावरून दार खरडत ओढलं आणि बाहेर पडले.

बाहेर वारा सुटला होता. पावसाआधीचा गार, धुळीचा वारा. तो माझ्या अंगावरून आत गेला. मागे हॉलमध्ये काय होत असेल ते मला न बघता कळलं. त्या दिवसात पहिल्यांदाच मी मागे वळून बघितलं नाही.

पटांगणाच्या टोकाला रावसाहेब माझ्याकडे पाठ करून उद्घाटनाचा फलक बांधत होते. मी हाका मारल्या. रावसाहेब, रावसाहेब, म्हणून गळा फाडून ओरडले. ते निवांतपणे दोरीला गाठ मारत राहिले. सगळ्या पटांगणात तेवढा एकच माणूस आणि त्याला ऐकू येत नव्हतं. मी धावले, पडले, उठले, आणि शेवटी त्यांच्या खांद्याला हात लावला.

ते वळले. माझे गुडघ्यापर्यंत रंगलेले पाय बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरांनी पुढे सगळं समजावून सांगितलं. जनरेटरचा धूर बाहेर जायला वाट नव्हती, तो झरोक्यातून आत आला. त्यातला जो वायू मारतो त्याला वास नसतो आणि रंगही नसतो. सर झरोक्याच्या सर्वांत जवळ होते. भूपाल दोन दिवसांत घरी गेला. मी भेटायला गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “तू आईच्या तोंडावरनं चाललीस.” आपला जीव वाचला याबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. रावसाहेबांनी खेळाच्या खोलीचं कुलूप स्वतः काढलं, घरटं खाली उतरवलं आणि पिल्लं पटांगणात पुरली. मंडळानं पुन्हा प्रदर्शन भरवलं नाही.

सर पुष्कळ दिवस दवाखान्यात होते. शुद्धीवर आले, माणसं ओळखू लागले, हळूहळू चालू लागले. बरे झाले असंच सगळे म्हणत होते. मी दिवाळीनंतर कांडी मशीनवर बसायला लागले होते. संक्रांत झाल्यावर एका रविवारी धीर करून त्यांच्या घरी गेले.

काकू दारातच भेटल्या. “ये बाई,” त्या म्हणाल्या. आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “जरा भांड्याबिंड्याला धक्का लावू नकोस. कसलाबी आवाज झाला की वळत्यात. कढईला झारा लागला तरी वळत्यात. रात्री झोपेतनं उठून बसत्यात, कोण हाक मारतंय म्हणून.”

मला वाटलं, काकू वाढवून सांगताहेत.

सर परसात उन्हात बसले होते. पुढ्यात सारवलेली जमीन, शेजारी वाटीत पांढरी रांगोळी. ते ठिपके काढत होते. लहान पोरी काढतात तसे साधे ठिपके. रस्त्यावरून सायकलची घंटा वाजली. सर वळले. पुन्हा पुढे बघून त्यांनी वाटीत चिमटी घातली. शेजारच्या शेडमध्ये कुणी पत्र्याचं दार लावलं. सर वळले. चिमटीतली रांगोळी गुडघ्यावर सांडली. त्यांनी ती झटकली आणि पुन्हा चिमटी भरली. एका ओळीतले तीन ठिपके झाले होते, चौथा होत नव्हता. मी भिंतीशी उभी राहून बघत होते आणि माझे डोळे भरून आले.

मी पाऊल उचललं तशी वाळलेल्या पानाचा आवाज झाला. सर वळले.

“त्रिशले! कवा आलीस?”

“आत्ताच, सर.”

“तू हाक मारलीस काय मला?”

“नाही, सर. आत्ता नाही मारली.” मी त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. एवढ्या दिवसांचं पोटात साठलेलं बाहेर आलं. “त्या दिवशी मारली होती. मी आधी मारायला हवी होती, मोठ्यानं मारायला हवी होती. तुमच्यापर्यंत पोचलीच नाही.”

सरांनी वाटीतली रांगोळी बोटानं सारखी केली.

“पोचली होती,” ते म्हणाले.

मला समजलं नाही.

“ऐकली होती मी. अगदी नीट. तू हाक मारलीस, मग भूपाल तुला बोलला, तेबी ऐकलं. आन् त्याच्या आधी पिल्लं गप्प झाली.” त्यांनी हात वर केला, तिथे नसलेल्या झरोक्याकडे. “तुझ्या आधी मला कळलं होतं ते.”

“मग सर...”

“डोकं फुटायला लागलं होतं. काहीतरी वंगाळ घडतंय, एवढं कळत होतं.” ते फार साधेपणानं सांगत होते. “सगळं ऐकू येतंय की गं. मला जन्मभर सगळं ऐकू येत आलंय. परात वाजली की माझ्या काळजात धस्स व्हायचं. फक्त वळायचं न्हाई, एवढंच मी शिकलो होतो.”

जमिनीवर सांडलेली रांगोळी मी चिमटीनं गोळा करू लागले.

“वळणार होतो मी, त्रिशले. तुझ्या हाकेला वळणारच होतो.” त्यांनी चिमटी भरली आणि चौथ्या ठिपक्याच्या जागेवर धरली. “पण एकच ठिपका राहिला होता.”

आत काकूंच्या हातून पेला निसटला. सर वळले.